एक्स स्क्वेअरचे उत्तर शून्य: ऑनलाइन कलनाच्या १२ आठवड्यांचे एक प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या एका गावात राहणारी एक मुलगी फोनवरच्या कोर्समधून कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकली, त्याचे हे प्रकरण आहे. तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव, गाव आणि कॉलेज मुद्दाम वगळले आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. ही मुलगी नववी-दहावीला माझ्याच वर्गात होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आपल्या भागातली बरीच मुले आता कॉलेजचे गणित फोनवर शिकू पाहतात. त्यांच्या घरच्यांना आणि शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून जे घडले ते जसेच्या तसे मांडते.

पार्श्वभूमी

दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. २०२० साली जूनच्या अखेरीला मास्क लावून ज्या मुलांनी दहावीची परीक्षा दिली, त्यांतली ती. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतले आणि पहिले वर्ष जवळजवळ सगळे फोनवर गेले. लिमिट (एखादी किंमत कुठे पोचत जाते ते) आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) हे कलनाच्या पायाचे धडे नेमके त्याच वर्षाच्या पुस्तकात येतात. गावात रेंज नव्हती. मुले शाळेमागच्या माळावर चढून तास ऐकायची आणि सर आली की फोन पोटाशी धरून खाली पळायची. वर्षाअखेरीस सगळ्यांना वर घातले. दुसऱ्या वर्षी कलनाचे धडे आले ते लिमिट येते असे धरूनच आले. तिने सूत्रे पाठ केली आणि पासही झाली.

२०२२ मध्ये तिने बेळगावात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सकाळी सहाची बस, एका बाजूला दीड तास, संध्याकाळी घरी पोचायला सात. घरी दोन एकर भातशेती. आई रोजगारालाही जाते. थोरला भाऊ उद्यमबागेत कारखान्यात आहे, बेळगावात खोली घेऊन राहतो आणि आठवड्याने घरी येतो.

भाषेचेही सांगायला हवे. बसमध्ये, बाजारात, सरकारी कचेरीत तिचे कानडी चांगले चालते. पण गणिताचे कानडी वेगळे, ते तिला येत नव्हते. कॉलेजात पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे इंग्रजी, समजावून सांगणे अर्धे इंग्रजी आणि अर्धे कानडी. डोक्यातला हिशेब मात्र मराठीत. सीमाभागातल्या कितीतरी मुलांची हीच गत आहे. कानडी माध्यमातून आलेल्या मुलांचेही फारसे वेगळे नाही, हे मला पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळले.

अडचण

पहिल्या सत्राच्या गणिताच्या पेपरात बीजगणित आणि कलन दोन्ही होते. लेखी परीक्षेत तिला ६० पैकी १४ गुण मिळाले. पेपर राहिला. २०२३च्या जूनमध्ये ती माझ्याकडे खानापूरला आली. महिलांना बसप्रवास मोफत होऊन आठवडाच झाला होता, त्यामुळे निदान तिकिटाचा विचार करावा लागला नव्हता.

म्हणाली, "बाई, फॉर्म्युले सगळे पाठ हाईत. पेपरात कायतरी वेगळंच विचारत्यात."

मी विचारले, एक्स स्क्वेअरचे डेरिव्हेटिव्ह काय? "टू एक्स." साइन एक्सचे? "कॉस एक्स." एका दमात दहा-बारा उत्तरे बरोबर दिली. मी समाधान मानले आणि पोरीला सराव कमी पडला आहे असे ठरवून टाकले. माझी पहिली चूक ती. "टू एक्स कुठून आलं, ते करून दाखव" एवढे मी त्या दिवशी विचारले असते तर पुढचे दोन महिने वाचले असते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय बेळगावातला खाजगी क्लास. टिळकवाडीत चांगले क्लास आहेत. पण क्लास संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि तिच्या गावाची शेवटची बस त्याआधीच सुटते. भावाच्या खोलीवर तिघे जण राहतात, तिथे राहणे शक्य नव्हते. वडगावात मावशी आहे. पण आई म्हणाली, एक-दोन दिवस ठीक, सहा महिने कसे ठेवायचे त्यांनी? हा पर्याय गेला.

दुसरा, गाइड आणि मागच्या प्रश्नपत्रिका घेऊन घरी बसणे. भावाचा कौल याला होता. "वर्षानुवर्षं तेच प्रश्न फिरून येत्यात, दहा पाठ कर, सुटशील," असे त्याचे म्हणणे. तो चुकीचे बोलत नव्हता, पेपर कदाचित सुटलाही असता. पण तिला पुढे भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही घ्यायचे होते, आणि तिथे डेरिव्हेटिव्ह पानोपानी येते.

तिसरा, आपल्या वेगाने बघायचे मोफत व्हिडिओ. खान ॲकॅडमीवर कलनाचे सगळे भाग क्रमाने आहेत आणि सोबत सराव आहे. तो चांगला आहे, मी स्वतः बघितला. पण तारीख नसली की अभ्यास मागे पडतो. शेतीच्या घरात तर फारच, कारण शेताच्या कामाला तारीख असते.

चौथा, ठरलेल्या वेळापत्रकाचा कोर्स. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल हा उपक्रम आता स्वयम् या सरकारी व्यासपीठावरून कोर्स देतो. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. तिला आवडलेला कोर्स १२ आठवड्यांचा होता. दर आठवड्याला व्याख्याने, दर आठवड्याला एक असाइनमेंट आणि शेवटी ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. परीक्षेची फी तेव्हा १,००० रुपये होती. एकूण १०० गुणांत असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० तरी हवेत.

आम्ही चौथा पर्याय घेतला. तारखा असल्या की पोर बसेल, हा माझा विचार. परीक्षेचे पैसे भरायला सप्टेंबरपर्यंत मुदत होती, तेव्हा तोवर बघू असे ठरले.

सत्र कोणते घ्यावे यावर मात्र आम्ही विचारच केला नाही. हे कोर्स जुलैला सुरू होतात तसेच जानेवारीलाही होतात. जून होता, जुलै जवळ होता, नाव नोंदवून मोकळे झालो. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे काय झाले हे सांगायला नको.

पहिले चार आठवडे

कोर्स जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. त्याच सुमारास पाऊस कोसळू लागला आणि शेतात रोपलावणी सुरू झाली. आमच्याकडे तिला नट्टी म्हणतात. नट्टी चार दिवस थांबवता येत नाही, शेतातले पाणी आणि माणसे दोन्ही हाताशी असतील तेव्हाच करावी लागते. दिवसभर वाकून रोपे लावायची आणि रात्री व्हिडिओ बघायचा. त्यात तीन-तीन दिवस वीज नाही, फोन बंद.

तरी पहिले दोन आठवडे तिने प्रामाणिकपणे केले. बेळगावात असताना व्याख्याने कमी दर्जात फोनवर उतरवून घ्यायची, व्याख्यानाचा लेखी मजकूर मिळतो त्याची झेरॉक्स काढायची आणि बसमध्ये वाचायची. लेखी मजकुराची ही युक्ती तिची तिने शोधली. वीज नसली तरी कागद वाचता येतो. पहिल्या असाइनमेंटला ७० टक्के मिळाले, दुसऱ्याला ६०.

दुसऱ्या आठवड्यात लिमिटची काटेकोर व्याख्या आली, एप्सिलॉन-डेल्टाची. तिथे ती अडली आणि तिने कुणालाच विचारले नाही. पावसामुळे माझ्याकडे येणे बंद होते. फोन लावला तर आवाज तुटत होता. कोर्सच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर शंका लिहायची सोय होती, पण इंग्रजीत काय लिहायचे? "मला काय कळत नाही तेच मला सांगता येईना," असे ती नंतर म्हणाली. व्याख्यान देणारे प्राध्यापक अतिशय चांगले शिकवत होते, मी सगळी व्याख्याने ऐकली आहेत. पण पडद्यावरच्या शिक्षकाला समोरच्या मुलाची वही दिसत नाही. वर्गात मी बाकांमधून फिरत फिरत चुकीच्या ओळीवर बोट ठेवायचे. ते बोट इथे नव्हते.

तिसऱ्या असाइनमेंटला ९० टक्के मिळाले आणि चौथ्याला १००. तिने मला फोन करून सांगितले. मला फार आनंद झाला. शेजारणीलाही सांगितले मी.

पाचव्या आठवड्यातला निर्णय

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस उघडला आणि ती रविवारी आली. मी म्हटले, बघू वही. पहिल्या दोन आठवड्यांची पाने भरलेली होती. पुढे कोरी.

मी काही विचारले नाही. तीच म्हणाली, "बाई, उत्तरं ग्रुपवर येत्यात." दर आठवड्याला कुणीतरी असाइनमेंटची उत्तरे एका मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपवर टाकत असे आणि शेकडो मुले ती भरत असत. तिला ग्रुपात कॉलेजातल्या एकाने घातले होते. नट्टी चालू, वीज नाही, बुधवारी रात्री मुदत संपणार, आणि ग्रुपवर उत्तरे तयार. रागावायचे ठरवले असते तर मलाच कठीण गेले असते. मुलगी मान खाली घालून बसली होती आणि तिच्या हाताच्या बोटांना चिखलाने भेगा पडल्या होत्या.

मी कोरे पान काढले आणि म्हटले, एक्स स्क्वेअरचे डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढ. तिने लिहिले: एक्स आणि एच यांच्या बेरजेचा वर्ग, त्यातून एक्सचा वर्ग वजा, भागिले एच. इथवर बरोबर. मग बेरजेचा वर्ग सोडवताना लिहिले एक्सचा वर्ग अधिक एचचा वर्ग. एक्सचे वर्ग गेले. एचच्या वर्गाला एचने भागले, एच उरला. एच शून्याकडे गेला, उत्तर शून्य.

"बाई, शून्य येतंय. पण पुस्तकात टू एक्स हाय."

"मग कुठलं खरं?"

ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "पेपरात टू एक्स लिवायचं."

मी सुन्न झाले. दोन वेगळी उत्तरे एकाच पानावर होती आणि त्यातले एक चुकले असणार हे तिला बोचत नव्हते. आणि बेरजेच्या वर्गाचे सूत्र तिला नववीत मी शिकवले होते. ए आणि बी घेऊन, चालीवर, साऱ्या वर्गाकडून घोकून घेतले होते. ए आणि बी असते तर तिने आजही बिनचूक म्हणून दाखवले असते. एक्स आणि एच आले तेव्हा तेच सूत्र आहे हे तिला ओळखू आले नाही. कॉलेजचा दोष नाही, कोर्सचा नाही, पावसाचाही नाही. वर्ग म्हणजे काय ते माझ्या वर्गात राहून गेले होते.

आता निर्णय घ्यायचा होता. कोर्स सोडून जानेवारीत पुन्हा यायचे? तसेच पुढे रेटायचे? की मध्येच थांबून मागे जायचे?

सोडायला तिचे मन तयार नव्हते. घरी काय सांगायचे, हा तिचा प्रश्न होता. तसेच रेटले असते तर पुढचे सगळे आठवडे ग्रुपवरच्या उत्तरांवर गेले असते. मी पुन्हा नियम वाचले आणि वाट तिथे सापडली. बारापैकी आठच असाइनमेंट धरतात, म्हणजे चार सोडता येतात. पाचवा आणि सहावा आठवडा आम्ही सोडून द्यायचे ठरवले. त्या दोन आठवड्यांत फक्त बीजगणित. सातव्यापासून पुन्हा कोर्स, ग्रुप बंद, शून्य मिळाले तरी स्वतःचे.

तिने ग्रुप माझ्यासमोर सोडला.

दोन आठवडे मागे

पहिल्या दिवशी कागदावर चौकोनी वाफा काढला, बाजू एक्स. म्हटले, बांध दोन बाजूंनी एच-एचने सरकवलास तर जमीन किती वाढली? तिने दोन लांब पट्टे काढले, आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन. पट्टे एक्स गुणिले एचचे, कोपरा एचच्या वर्गाचा. वाढलेल्या जमिनीला एचने भागले तर दोन एक्स आणि एक एच. बांध अगदी थोडासाच सरकवला तर तो एच उरतच नाही.

ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे टू एक्स म्हणजे ह्ये दोन पट्टे?"

३१ वर्षे शिकवले मी. असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले.

पुढे अपूर्णांकांची वजाबाकी, अवयव पाडणे, घातांकाचे नियम, वर्गमुळे काढून टाकण्याची युक्ती. सगळे नववी-दहावीचेच, पण प्रत्येक वेळी अक्षरे बदलून. एकाच उदाहरणात एकदा ए-बी, एकदा एक्स-एच, एकदा पी आणि क्यू. दोन आठवड्यांत ती चार रविवार-सोमवार आली आणि मधल्या दिवशी वहीच्या पानांचे फोटो पाठवत राहिली. रेंज मिळाली की एकदम आठ-दहा फोटो येत.

मग लिमिट. मराठी परिभाषेत त्याला सीमा म्हणतात आणि हा शब्द आपल्या भागात जड आहे. सीमा म्हटली की आपल्याला अडवणारी रेघ दिसते. इंग्रजीतले लिमिटही तिने तसेच घेतले होते, गाडीच्या वेगाला असते तसे, ओलांडायचे नाही ते. म्हणून फलन (फंक्शन) लिमिटच्या वर-खाली जाऊ शकते हे तिला पटत नव्हते. मी म्हटले, कुठे अडवलेय ते विसर, कुठे पोचायला निघालेय ते बघ. हा एक गैरसमज दूर झाला आणि पुष्कळ उदाहरणे सुटू लागली.

एप्सिलॉन-डेल्टा तेवढे बाजूला ठेवले. हा निर्णय विचार करून घेतला होता. न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलन सतराव्या शतकात उभे केले, आणि ही काटेकोर व्याख्या पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात, कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या कामातून. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला, तोही या व्याख्येशिवायच. मी तिला म्हटले, एवढ्या मोठ्या लोकांना ती नंतर सापडली, तर तुला दोन महिन्यांनी सापडली तरी चालेल. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा खरोखर उतरला.

सातव्या आठवड्यापासून

आमची रीत बदलली. दहा मिनिटे व्याख्यान बघायचे, फोन पालथा ठेवायचा, काय कळले ते मराठीत लिहायचे, मग एक उदाहरण न बघता सोडवायचे. तासाभराच्या व्याख्यानाला तीन तास लागत. त्यामुळे सगळी व्याख्याने बघून होत नसत आणि उरलेली आम्ही सोडून देत होतो. कोणती सोडायची ते मी सांगायचे.

मराठीत लिहिण्याने काय साधले याचे एक उदाहरण. इंग्रजी व्याख्येत "सच दॅट" येते, ते तिने दोन वर्षे अर्थाशिवाय पाठ केले होते. तिच्या वहीत ते "असा एक डेल्टा सापडतो की" असे उतरले. नवव्या आठवड्यात आम्ही एप्सिलॉनकडे परत गेलो तेव्हा जेवढे-तेवढे हीच जोडी कामाला आली. तू जेवढे जवळ मागशील तेवढे जवळ आणून दाखवते, असा खेळ खेळलो. तीन एक्स अधिक एक, एक्स दोनकडे जातो, उत्तर सातकडे. तिने मागितले, सातपासून ०.३ च्या आत. मी सांगितले, एक्स दोनपासून ०.१ च्या आत ठेव. तिने मागितले ०.०३, मी दिले ०.०१. पाचव्या वेळी ती म्हणाली, "बाई, तुम्ही नुसतं तीननं भागतायसा." व्याख्या तिथे कळली. सिद्धता लिहिणे मात्र आजही तिला अवघड जाते.

दुसरे उदाहरण भाताच्या राशीचे. बदलत्या दरांच्या गणितात शंकूच्या आकाराच्या टाकीत पाणी भरण्याचे उदाहरण असते. ती टाकी तिने कधी पाहिली नव्हती. मी विचारले, खळ्यात बुट्टीने भात ओतताना रास कशी वाढते? ती लगेच म्हणाली, "पयल्यांदा भराभर, मग वाढतच न्हाई." का? राशीचा उतार तसाच राहतो, म्हणून उंची दुप्पट व्हायला भात आठपट लागतो. एकसारखे ओतत राहिले तर दुप्पट उंचीवर रास वाढण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. हे तिने डेरिव्हेटिव्ह घेऊन स्वतः काढले. जे लहानपणापासून डोळ्यांनी बघितले होते ते गणितातून निघाले याचे तिला केवढे नवल वाटले! घरी जाऊन बाबांना सांगितले म्हणे, आणि बाबा म्हणाले, हे तर आम्हाला ठाऊकच आहे.

सप्टेंबरमध्ये परीक्षेचे १,००० रुपये भरायचे की नाही हा प्रश्न आला. आईच्या तीन-चार दिवसांच्या रोजगाराएवढे पैसे. भाऊ म्हणाला, शिकणे मोफतच आहे, मग कागदाला पैसे कशाला? मी भरा म्हटले. समोर परीक्षा नसती तर गणपतीनंतर अभ्यास थंडावला असता असे मला वाटले. शेवटी पैसे भावानेच भरले.

कॉलेजातली तिची बैलहोंगलची मैत्रीण याच सुमारास तिच्यासोबत बसू लागली. ती कानडी माध्यमातून आलेली. तिच्याही वहीत बेरजेच्या वर्गाची तीच चूक निघाली. दोघी बसची वेळ होईपर्यंत कॉलेजच्या वाचनालयात बसत, एक कानडीत सांगे, एक मराठीत, आणि कागदावर दोघींचे एकच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मी आठवड्यातून एकदा भेटत होते, ती मैत्रीण रोज भेटत होती.

परीक्षा आणि निकाल

केंद्र बेळगाव मिळाले. सकाळी नऊची परीक्षा, तीन तासांची, संगणकावर. गावातून वेळेत पोचण्याची खात्री नव्हती, म्हणून आदल्या दिवशी वडगावला मावशीकडे मुक्काम केला.

असाइनमेंट अशा झाल्या: सातवी ४०, आठवी ५०, नववी ५०, दहावी ६०, अकरावी ७०, बारावी ६० टक्के. परीक्षेचे ७५ पैकी ३६. असाइनमेंटच्या सर्वोत्तम आठचे २५ पैकी १७.५. एकूण ५३.५. प्रमाणपत्र मिळाले.

पण त्या सर्वोत्तम आठांत ग्रुपवरून उतरवलेल्या दोन होत्या, कारण गुण त्यांचेच सर्वांत जास्त. आम्ही दोघींनी बसून हिशेब केला. तिच्या स्वतःच्या आठ धरल्या तर १४.४ येतात आणि एकूण ५०.४. म्हणजे उतरवलेल्या उत्तरांनी सुमारे तीन गुण दिले आणि निकाल बदलला नाही. हा हिशेब तिनेच मांडायला घेतला होता. प्रमाणपत्र भिंतीवर लावायचे नाही, असेही तिनेच ठरवले.

राहिलेला पेपर मात्र द्यावाच लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सचे श्रेयांक (क्रेडिट) स्वयम् वरून घेता येतात. पण त्यासाठी कॉलेजची संमती आधी हवी, कोर्स कोणत्या पेपरच्या जागी धरायचा ते आधी ठरायला हवे. आम्ही विचारायला गेलो ऑक्टोबरात. वेळ निघून गेली होती. २०२४च्या सुरुवातीला तिने पेपर पुन्हा दिला, ६० पैकी ३१ मिळाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी चाचणी. कोर्सला नाव घालण्याआधी एक तास घेऊन पाच उदाहरणे सोडवून घ्यायला हवी होती: बेरजेचा वर्ग, दोन अपूर्णांकांची वजाबाकी, एक अवयव, एक घातांक आणि एक डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून. तोंडी उत्तरांवर मी भुलले. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हा कागद आधी देते.

सत्र जानेवारीचे घ्यायला हवे होते. खानापूरच्या पश्चिमेकडच्या मुलांना तर मी हेच सांगेन. सुगी संपलेली असते, वीज टिकते, रस्ता चालू असतो. राहिलेल्या पेपरच्या तारखा आड येतात हे खरे, पण नट्टी, वीज आणि पाऊस तिन्ही एकदम अंगावर घेण्यापेक्षा ते बरे.

कॉलेजचे पत्र पहिल्या आठवड्यात मागायला हवे होते. आम्हाला नियम माहीत नव्हता, आणि आमच्याकडच्या बहुतेक घरांना तो माहीत नाही. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच तो फलकावर लावावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाचवा आणि सहावा आठवडा सोडण्याबद्दल मला अजून पूर्ण खात्री नाही. त्या दोन आठवड्यांत कोर्सने पुढचे धडे घेतले, आणि त्यांतला उच्चतम-न्यूनतम मूल्यांचा भाग तिला परीक्षेत जमला नाही. कोर्स सोडून जानेवारीत नव्याने आली असती तर कदाचित सगळे नीट झाले असते. पण तेव्हा सोडला असता तर ती परत आली असती का? तिला विचारले. "न्हाई आलो असतो," म्हणाली. आमच्याकडे मुलीही असेच बोलतात.

ग्रुपचे मी कुणाला कळवले नाही. कळवायला हवे होते का, यावर माझे आणि माझ्या एका सहकाऱ्याचे मत जुळत नाही. त्यांचे म्हणणे, शेकडो मुलांचे नुकसान होत असताना गप्प बसणे बरोबर नाही. मला एका मुलीचा विश्वास सांभाळायचा होता. तिचे नाव न घेता कळवता आले असते, हे मला नंतर सुचले.

आता तिला पुढच्या जानेवारी सत्रात विकलक समीकरणांचा (डिफरन्शिअल इक्वेशन्सचा) कोर्स घ्यायचा आहे. या वेळी तिने आधी अर्ज केला आहे. तो विभागप्रमुखांच्या टेबलावर आहे, आणि नोंदणीची मुदत संपायला अजून तीन आठवडे आहेत.